पालथ्या गिऱ्हाइकाची खोली

नागपूरच्या कळमन्यात, पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात, नुसत्या डोळ्यांवर कुणी भरवसा ठेवत नाही. मिरचीचं पोतं वरून लालभडक दिसतंय म्हणून बोली चढत नाही. घेणारा पोत्यात हात घालतो, खालची मूठभर मिरची वर काढतो, दाबून ओल बघतो, हुंगतो आणि माल पसंत पडला तरी भावासाठी तोंड वाकडं करतो. गव्हाच्या कट्ट्यात परखी खुपसून मधले दाणे काढले जातात, त्यातला एखादा दाताखाली फोडला जातो. संत्र्यांच्या ढिगाचा वरचा थर कसा लावलेला असतो हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखंच ठाऊक असल्यामुळे वरच्या फळांना कुणी भुलत नाही. इतक्या संशयी आणि चोख हवेत वाढलेला माणूस एखाद्या दिवशी यार्डाजवळच्या कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर स्पा काढायला निघाला, की त्याला काय होतं कोण जाणे. तो गुळगुळीत कागदाचा कॅटलॉग उघडतो, चित्रं बघतो आणि चित्रांचीच ऑर्डर देऊन मोकळा होतो. परखी घरी राहिलेली असते.

कॅटलॉगमधली ट्रीटमेंट रूम कुठल्याही कंपनीची असो, एकाच आईची लेकरं वाटावीत अशी असते. कोपऱ्यात बांबू, तोही प्लास्टिकचा. भिंतीला दगडाचा आव आणणारा कागद. फॉल्स सीलिंगमध्ये लुकलुकणारे निळे दिवे. तिपाईवर बॅटरीवर चालणारी मेणबत्ती, शेजारी थेंब थेंब पाझरणारं कारंजं आणि बेडवर हंसाच्या आकारात दुमडलेला टॉवेल. चित्रात माणूस बहुधा नसतोच. असलाच तर एखादी हसरी बाई असते, जिच्या पाठीला जन्मात कधी रग लागली असेल असं वाटत नाही. मोरी, बादली, गीझर, धुण्याचा ढीग, तेलाने बरबटलेला बाटलीचा बूच यांतलं काहीही त्या चित्रात नसतं. ही खोली फक्त फोटो काढून घेण्यासाठी जन्माला आली आहे, अशी शंका येते.

माझं म्हणणं सरळ आहे. लग्नाचा हॉल, सराफाचं दुकान, आमदाराचा दिवाणखाना या बघायच्या जागा आहेत. तिथे डोळ्यांसाठी खर्च करावा, कुणाची ना नाही. पण पैसे मोजून आत यायचं आणि लगेच डोळे मिटायचे, अशी व्यापारातली खोली फार तर ही एकच. तासाभराच्या मालिशीचा हिशोब मांडून बघा. साधारण निम्मा वेळ गिऱ्हाईक पालथं असतं आणि त्याचं तोंड बेडच्या भोकात अडकवलेलं असतं. उरलेला वेळ ते उताणं असतं, पण तेव्हा डोळ्यांवर ओला रुमाल किंवा काकडीच्या चकत्या. म्हणजे सीलिंगमधल्या निळ्या चांदण्या बघायला काकडीच तेवढी मोकळी. संपूर्ण खोलीत उघड्या डोळ्यांनी सर्वांत जास्त वेळ पाहिली जाणारी जागा कोणती, तर भोकाखालची दोन बाय दोन फुटांची फरशी. आणि नेमक्या त्या दोन फुटांवर कुणी एक रुपयाही खर्च केलेला नसतो. तिथे आधीच्या गिऱ्हाइकाच्या तेलाचा एक थेंब असतो, एक केस असतो, बेडच्या पायाला चिकटलेलं किमतीचं अर्धवट फाटलेलं लेबल असतं आणि मालिश करणाऱ्याच्या रबरी चपला जाऊन-येऊन असतात. गिऱ्हाईक निमूटपणे ते लेबल वाचत राहतं. अर्ध्या तासात त्याला बेडची घाऊक किंमत पाठ होते, आणि मग बिल देताना त्याचा चेहरा का बदलला याचं मालकाला नवल वाटतं. काही ठिकाणी भोकाखाली फुलांच्या पाकळ्या तरंगणारं पितळेचं घंगाळ ठेवतात. अख्ख्या स्पाच्या धंद्यातली योग्य जागी असलेली सजावट मला ही एवढीच दिसते.

डोळे मिटले की उरतात कान, नाक आणि कातडी. पारख या तिघांच्या हाती द्यायला हवी. कारंज्याचं उदाहरण घ्या. चित्रात ते प्रसन्न दिसतं, पण त्याचा आवाज चित्रात नसतो. पोटावर दाब देऊन पालथ्या पडलेल्या, नुकताच ग्रीन टी पाजलेल्या माणसाच्या कानाशी तासभर पाण्याची बारीक धार सोडणं याला विश्रांती म्हणत नाहीत. त्याच्या मनात त्या वेळी निर्वाणाचे विचार नसतात, संडास कुठल्या बाजूला आहे हा विचार असतो. बेडची करकर हीसुद्धा कॅटलॉगला ऐकू येत नाही. मालिश करणाऱ्याने भार टाकला की कुईं, काढला की कुईं, आणि पलीकडच्या खोलीत बसलेल्या गिऱ्हाइकाचे भलतेच गैरसमज. म्हणून बेड विकत घेताना त्यावर बसू नये. एकाला पालथं झोपवावं, दुसऱ्याने अंगाचा भार टाकून ढकलावं आणि तिसऱ्याने दाराबाहेर उभं राहून ऐकावं. कळमन्यात माल घ्यायला एकटं कुणी जात नाहीच, तेव्हा तिसरा माणूस मिळायला अडचण नाही.

बेड घेताना पहिला प्रश्न रंगाचा विचारला जातो, दुसरा गादीच्या जाडीचा. उंचीबद्दल सहसा कुणी विचारत नाही, कारण उंचीचा त्रास झोपणाऱ्याला होत नसून उभ्या असलेल्याला होतो. मालिशीच्या धंद्यातला जुना ठोकताळा असा, की मालिश करणाऱ्याने बेडशेजारी हात सोडून सरळ उभं राहावं आणि मूठ वळली तर बोटांची पेरं बेडला टेकावीत. तेवढी उंची असली, की हाताच्या जोराऐवजी अंगाचा भार वापरता येतो. आता एकाच स्पात पाच फुटांची मुलगी आणि सहा फुटांचा गडी कामाला असतील आणि बेड एकाच उंचीचा असेल, तर मुलगी चवड्यांवर उभी राहून कणीक तिंबल्यासारखी मालिश करणार आणि गडी नमस्काराच्या पवित्र्यात. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांच्या पाठी मोकळ्या आणि या दोघांच्या धरलेल्या. साधा लाकडी घडीचा बेडसुद्धा पायातल्या भोकांमुळे २४ पासून ३४ इंचांपर्यंत वरखाली करता येतो. पायाने दाबायचा हायड्रॉलिक असेल तर उत्तमच. रुंदीचंही तसंच. २८ ते ३० इंच पुरतात. त्याहून रुंद बेड झोपणाऱ्याला ऐसपैस वाटतो, पण पलीकडच्या खांद्यापर्यंत पोचायला मालिश करणाऱ्याला रोज शेकडो वेळा ओणवं व्हावं लागतं.

हे गणित कळमन्यात कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. ट्रक लागला की हमाल कट्टा जमिनीवरून उचलत बसत नाही. तो ट्रकच्या फाळक्याला पाठ लावून उभा राहतो आणि वरचे दोघे कट्टा सरकवून त्याच्या पाठीवर देतात. फाळक्याची उंची आणि खांद्याची उंची जुळली की ५० किलोचा कट्टा झेलता येतो. नाही जुळली तर त्याच कट्ट्याने कंबर जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचं ओझं ५५ किलोंच्या आत आणावं. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी हमालांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तरीही १०० किलोंची पोती पुढे कित्येक वर्षं पाठीवरून जात राहिली. म्हणजे उंची आणि वजन या दोन गोष्टींनी माणसाची पाठ ठरते, हे ज्ञान यार्डात रोज घाम गाळून सिद्ध होतं. ते रस्ता ओलांडून स्पाच्या दुसऱ्या मजल्यावर पोचत नाही. बेडच्या भारक्षमतेचा आकडासुद्धा कळमन्याच्या मापात विचारावा. २०० किलो म्हणजे चार कट्टे. त्यात दोन कट्ट्यांचा एक आडत्या पालथा, त्याच्यावर एका कट्ट्याच्या मालिशवाल्याने टाकलेला भार, आणि उतरताना आडत्या बेडच्या एका टोकावर धप्पकन बसतो तेव्हा सगळं वजन दोन पायांवर. विकणारा जो आकडा सांगतो तो पुष्कळदा निपचित ठेवलेल्या वजनाचा असतो. आडत्या निपचित नसतो; त्याचा फोन वाजत असतो.

गादीच्या जाडीबद्दलचा गैरसमज दूर करायला तर आडत्याचीच पेढी पुरावा म्हणून पुरेशी आहे. जाड गादी, तिच्यावर पांढरीशुभ्र चादर, पाठीला लोड, दोन्ही बाजूंना तक्के, वर पंखा. इतकं मऊ फर्निचर कुठल्या पंचतारांकित स्पात नसेल, आणि त्याच फर्निचरवर वर्षानुवर्षं बसून आडत्याची कंबर धरलेली आहे. मऊ म्हणजे गुणकारी असं असतं तर सगळ्या पेढ्यांवर लवचीक माणसं दिसली असती. बेडच्या बाबतीतही फोम चार-पाच इंचांचा झाला, की मालिशवाल्याने दिलेला दाब स्नायूंपर्यंत जाण्याऐवजी फोममध्ये मुरतो. गिऱ्हाईक पैसे देतं आणि मालिश बेडची होते. दोन-तीन इंचांचा घट्ट फोम आणि त्यावर सुती चादर, एवढ्याने भागतं. चादर मात्र हवीच. मे महिन्यात रेक्झिनवर उघड्या पाठीने झोपलेला माणूस उठताना जो आवाज होतो, त्यावर कुठलंही बासरीवादन मात करू शकत नाही.

आता मूर्तीबद्दल. कॅटलॉगच्या निम्म्याअधिक चित्रांत बुद्धाचं मस्तक असतं. कधी कारंज्यात, कधी टॉवेलच्या रॅकवर. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे दीक्षाभूमीवर बौद्ध धम्मदीक्षेचा सोहळा झाला त्या गावात, कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, बुद्ध म्हणजे शोभेची वस्तू नव्हे हे निदान नागपूरकराला तरी सांगायला लागू नये. पण शिष्टाचार बाजूला ठेवला तरी एक गंमत उरते. स्वेदनाची खोली कशी असावी, याबद्दल बुद्धाच्या नावावर इतके बारीक नियम आहेत की आजच्या इंटिरियर डेकोरेटरने लाजावं. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात ती हकीगत आहे. वैशालीत भिक्खूंना एकामागून एक पक्वान्नांची जेवणं मिळाली आणि त्यांच्या अंगात जडपणा भरला. जीवक वैद्य काही कामाने तिथे आला, त्याने हे बघितलं आणि बुद्धाला सुचवलं, की यांना चालायला जागा आणि घाम काढायला जंताघर द्या. परवानगी मिळाली. मग तक्रारी सुरू झाल्या. धूर कोंडतो, तर धुराडं करा. लहान जंताघरात मधोमध चूल असल्याने वावरता येत नाही, तर लहानात ती एका बाजूला आणि मोठ्यात मधे ठेवा. विस्तवाने तोंड भाजतं, तर तोंडाला माती लावा. मातीला घाण येते, तर तिला सुगंध द्या. जमिनीवर बसल्याने अंगाला खाज सुटते, तर बसायला चौरंग घ्या. चिखल होतो, तर विटा, दगड नाहीतर फळ्या घाला. पाणी साचतं, तर मोरी काढा.

या यादीचा क्रम बघण्यासारखा आहे. एकही वस्तू तक्रारीआधी आलेली नाही. अरोमाथेरपीसुद्धा तिथे हजर आहे, पण ती मातीला वास येऊ लागल्यावर आली. कुणी आधीच सुगंधाच्या अठरा बाटल्या मांडून ठेवल्या नव्हत्या. माझ्या मते ट्रीटमेंट रूमची खरेदी करण्याची याहून शहाणी पद्धत आजवर निघालेली नाही. खोली आधी रिकामी ठेवा, एक बेड, एक स्टूल आणि एक बादली घेऊन काम सुरू करा, आणि जो जसा कुरकुरेल तशी वस्तू आणा. आजचे स्पावाले नेमकं उलटं करतात. बुद्धाचं मस्तक आणतात आणि मोरी विसरतात.

आपल्याकडची दुसरी साक्ष चरकाची. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पंधरावा अध्याय, उपकल्पनीय, हा जवळजवळ पूर्णपणे उपचाराआधी काय काय जमवून ठेवावं याचाच आहे. घर मजबूत हवं, एका अंगाने वारा अडणारं आणि दुसऱ्या अंगाने खेळतं. आत सुखाने वावरता यावं. धूर, ऊन, धूळ आणि नकोसे आवाज आत येऊ नयेत. पाणी, शौचकूप, न्हाण्याची जागा, स्वयंपाकघर. मग हंडे, घागरी, पळ्या, रवी, कापड, सूत, कापूस, लोकर. बिछान्याशेजारी पिकदाणी. खरबरीत, मध्यम आणि गुळगुळीत अशा तिन्ही तऱ्हेच्या पाट्यावरवंट्यांची सोय. तराजू आणि मापं. तराजू वाचून कळमन्याच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. यादीत गाणारे आणि गोष्टी सांगणारे लोकही आहेत, म्हणजे मन रमवणं चरकाला वर्ज्य नव्हतं. पण त्याने कान रमवले, भिंत नाही. त्याआधीच्या अध्यायात घाम काढण्याच्या गोल खोलीचं वर्णन आहे, तिथे भिंतीलगतच्या ओट्याची रुंदीसुद्धा हातांत मोजून दिली आहे आणि घेरी आली तरी ओटा सोडू नकोस, सुटलास तर दार सापडणार नाही, असा रुग्णाला दम भरला आहे. याला म्हणतात फर्निचरच्या वापराची सूचना.

चरकाची कसोटी लावली तर कळमना मात्र पहिल्याच ओळीत नापास होतं, हे कबूल केलं पाहिजे. धूळ आहे, ट्रक आहेत, लिलावाची आरोळी आहे, हावड्याच्या लाइनवरून जाणाऱ्या मालगाड्यांचे भोंगे आहेत. आणि हंगामात मिरची आहे. लॅव्हेंडरच्या मंद वासात गिऱ्हाईक विसावलंय, खिडकीची फट किलकिली राहिली आहे, यार्डाकडून वाऱ्याची एक झुळूक येते आणि पुढच्या क्षणी पालथं गिऱ्हाईक भोकात तोंड असल्याने धड खोकूही शकत नाही. तेव्हा या गावातल्या स्पाने पहिला खर्च दाराखिडक्यांच्या रबरी पट्ट्यांवर करावा. पट्टी फोटोत दिसत नाही, पण तिच्यावाचून बाकीचे सगळे वास मिरचीपुढे हात टेकतात.

उन्हाळ्याचं प्रकरण वेगळंच. नागपूरचा जीव कूलरवर, आणि कोरड्या मे महिन्यात कूलरइतकं गुणी यंत्र दुसरं नाही. पण तेल लावलेल्या उघड्या अंगावर कूलरचा झोत सोडला, की दहा मिनिटांत अंगावर काटा येतो, आणि टॉवेल आधीच दमट. त्यातून त्याची घरघर. एसी लावायचा तर त्याचं तोंड बेडकडे नको. आणि तापमानाच्या आकड्यांवर फार विसंबू नये. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. सरकारी यंत्राची ही कथा, तर गरम दगडांच्या भांड्याला लावलेल्या दीडशे रुपयांच्या काट्याचं काय? पाठीवर ठेवायचा दगड आधी स्वतःच्या मनगटावर ठेवून बघणं, याला पर्याय नाही.

तेल ही मात्र खोलीतली खरी मालकीण. ती सगळीकडे जाते. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी कॅटलॉगमध्ये आरशासारखी दिसते. तिच्यावर तेलाचे चार थेंब पडले की मालिशवाला आरशात पाय वर करून दिसतो. खरबरीत फरशी, मोरीकडे उतार आणि बेडपासून मोरीपर्यंत मोकळी वाट, हे आधी. टॉवेलांची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. तेलाचे टॉवेल गरम पाण्यात साबणाने धुतले तरी तेल पुरतं निघत नाही. उरलेलं तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं. टॉवेल ड्रायरमधून गरम गरम काढून ढीग घालून ठेवले, की ती उष्णता आत कोंडते, वाढत जाते आणि मध्यरात्री कुणी काडी न लावता ढीग पेटू शकतो. जवसाचं तेल याबाबतीत सगळ्यांत आगाऊ, तिळाचं मध्यम, खोबरेल बरंचसं शांत. जवस हे विदर्भाचं लाडकं पीक. चटणीत ते खावं. अंगाला चोळलंच तर टॉवेल पसरून थंड होऊ द्यावेत आणि मळके टॉवेल झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात टाकावेत. हंसाच्या आकारात दुमडण्याआधी हंस थंड झाला आहे ना, एवढं बघावं. पत्र्याचं पिंप हे माझ्या मते बेडनंतरचं सर्वांत महत्त्वाचं फर्निचर, आणि यार्डाच्या आसपास ते पडेल भावात मिळतं.

यावर स्पाचे मालक जे म्हणतील ते मला ऐकू येतंय. गिऱ्हाईक वातावरणाचे पैसे देतं, नुसत्या मालिशीचे नाही. बरोबर आहे. मंद उजेड, ऊब, शांतता यांनी माणूस सैलावतो आणि सैलावलेल्या पाठीवर हात चांगला चालतो. पण मग ही उपकरणंच झाली की. उजेड कमीजास्त करणारं बटण, अंगावरचं उबदार पांघरूण, बंद होताना न आपटणारं दार यांवर हात सैल सोडा. प्लास्टिकच्या बांबूने आजवर कुणाचा स्नायू सैल केल्याचं ऐकिवात नाही. त्याच्या पानांवर धूळ मात्र बसते आणि ती पुसायचं काम पुन्हा त्याच मुलीकडे येतं. फोटोशिवाय गिऱ्हाईक येणारच नाही, असं म्हणाल तर तेही मान्य. बाहेरची बसायची खोली सजवा. तिथे डोळे उघडे असतात. तिथे हंस ठेवा, बांबू ठेवा, निळ्या चांदण्या लावा, आणि हवं तर तिथेच कॅटलॉगही ठेवा.

दुसरा आक्षेप असा, की नुसतं कामाचं सामान भरलं तर खोली दवाखान्यासारखी दिसेल. हा आक्षेप करणाऱ्यांनी कामाच्या वस्तू कधी नीट बघितलेल्या नसतात. पायाला तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासणं हा आपल्याकडचा घरगुती उपचार. ती वाटी बघा: हातात मावणारी, गुळगुळीत, जड, वाजवली तर घंटेसारखी, आणि नातवंडांपर्यंत टिकणारी. आता त्याच वाटीला मोटर जोडून पाय ठेवायचं यंत्र निघालं आहे. त्याला वायर आहे, गॅरंटी कार्ड आहे, ते सर्व्हिसिंगला जातं आणि बिघडलं की कोपऱ्यात पडून त्याच्यावर टॉवेल वाळतात. यांतलं देखणं कोणतं? केरळातली एकसंध लाकडाची तेलद्रोणी घ्या. कडेची खोबण तेल वाहून एका जागी जमावं म्हणून कोरलेली असते, आणि तीच तिची शोभा. त्याहीपलीकडे, बाळंतिणीच्या घरी येणारी मालिशवाली पाटावर बसून पाय लांब करते आणि बाळाला आपल्या नडग्यांवर निजवते. उंची अचूक, गादी उबदार, बाळ घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना बंदोबस्त, आणि अंघोळीचं पाणी दोन पायांच्या मधल्या फटीतून थेट मोरीत. या उपकरणाला हायड्रॉलिक लागत नाही, फक्त गुडघे वेळेवर सरळ व्हायला हवेत.

तिसरा आक्षेप खऱ्या कळमनेकराचा: हे सगळं ठीक आहे भाऊ, पण इथे स्पाला येणार कोण? ज्याच्या पाठीला गरज आहे त्या हमालाला परवडणार नाही, आणि ज्याला परवडतं त्या आडत्याला पेढी सोडवणार नाही. मला वाटतं, याचं उत्तरही सामानातच आहे. तासभराचं पॅकेज महाग पडतं ते बरंचसं सजावटीचं व्याज फेडण्यासाठी. पुढे टेकून बसायची साधी मालिशीची खुर्ची ठेवली, तर कपडे न काढता, तेल न लावता पंधरा मिनिटांत मान, खांदे आणि पाठ मोकळी करून माणूस परत लिलावाला उभा राहू शकतो. टॉवेल धुवायचा नाही, गीझर पेटवायचा नाही, हंस नाही. भाव चहा-नाश्त्याच्या आसपास आणता आला, तर दोन ट्रकांच्या मधल्या वेळात रांग लागायला हरकत नाही. आणि त्या रांगेत हमालाच्या मागे आडत्या उभा राहिला, तर त्याचा फोन मालिशवाल्याने हातात घ्यावा, एवढीच अट.

सगळी यादी पक्की झाल्यावरही एक माप बहुतेक जण विसरतात, ते जिन्याचं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा फुटांचा बेड बसतो, चारी बाजूंनी फिरायला जागा उरते, कागदावर सगळं जुळतं. पण लोखंडी सांगाड्याचा बेड दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभाही राहत नाही आणि आडवाही. टेम्पो खाली उभा असतो. हमाल एकदा बेडकडे बघतो, एकदा जिन्याकडे, खांद्यावरचा गमछा ताणून दोन्हींचं माप घेतो आणि सांगतो, ‘नाही जात भाऊ हे वर, पाय खोला.’ पाय खोलायचे पाने कंपनीने दिलेले नसतात. तोवर बाकीचं सामान वर जातं. पिंप, स्टूल, गादी यांची हमाली मजल्यागणिक ठरते. कारंज्याला मात्र तो हात लावत नाही. काचेचं आहे, फुटलं तर कटकट, ते मालकानेच न्यावं. मग मालक कंबर वाकवून, गुडघे ताठ ठेवून, म्हणजे उचलण्याच्या सगळ्यांत चुकीच्या पद्धतीने ते कारंजं उचलतो, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याच्या कमरेत अशी उसण भरते की स्पाला उद्घाटनाआधीच पहिलं गिऱ्हाईक मिळतं. बेड तेवढा अजून खालीच असतो.